फीत, पेटी आणि मालकी

वर्तमानपत्राची वर्गणी बंद केली म्हणून घरांतील जुने अंक परत नेण्यास कोणी येत नाहीं. माळ्यावरचा तो गठ्ठा ग्राहकाचाच राहतो. पाहिजे तर त्यानें वाचावा, नाहीं तर रद्दीवाल्यास द्यावा. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचें मात्र निराळें झालें. ब्रिटन व अमेरिका येथें उपग्रहवाहिन्यांची वर्गणी सोडणाऱ्या कुटुंबांना या शतकाच्या आरंभापासून असा अनुभव येऊं लागला कीं, आपल्याच दिवाणखान्यांतील पेटींत, आपल्याच हातानें बटण दाबून सांठविलेले कार्यक्रम ती पेटी आपल्याला दाखवीत नाहीं.

या प्रकाराचें मूळ एका जुन्या खटल्यांत सांपडतें. इ. स. १९७५ मध्यें जपानच्या सोनी कंपनीनें बीटामॅक्स हें यंत्र बाजारांत आणलें. त्याची पहिली कॅसेट अवघा एक तास चाले. परंतु तेवढ्यानेंही प्रेक्षक वेळापत्रकाच्या दास्यांतून मोकळा झाला. ‘कोलंबो’ पाहण्याच्या नादांत ‘कोजॅक’ चुकावयास नको, अशा अर्थाची सोनीची जाहिरात होती. दैवयोग असा कीं, या दोन्ही मालिका युनिव्हर्सल कंपनीच्याच. १९७६ च्या नोव्हेंबरांत युनिव्हर्सल व डिस्ने यांनीं लॉस एंजल्सच्या न्यायालयांत सोनीवर दावा लावला. युनिव्हर्सलची मातृसंस्था त्या वेळीं स्वतःची चित्रतबकडी काढण्याच्या खटपटींत होती, हेंही विसरून चालणार नाहीं. दाव्यांतील तत्त्वनिष्ठेला थोडी व्यापाराची फोडणी होतीच.

खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. १९७९ मध्यें न्यायाधीश फर्ग्युसन यांनीं सोनीच्या बाजूनें निकाल दिला. १९८१ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें तो फिरविला. पुढील वर्षीं चित्रपटनिर्मात्यांचे प्रतिनिधि जॅक व्हॅलेंटी यांनीं काँग्रेसच्या समितीपुढें या यंत्राची तुलना बोस्टन शहरांतील बायकांचा गळा दाबणाऱ्या कुप्रसिद्ध खुन्याशीं केली. सर्वोच्च न्यायालयांत एकदां वाद ऐकून न्यायाधीशांचें एकमत होईना, म्हणून तो दुसऱ्यांदा ऐकण्यांत आला. अखेर १७ जानेवारी १९८४ रोजीं पांच विरुद्ध चार अशा मतांनीं सोनी जिंकली. निकालपत्र न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं लिहिलें. त्यांत मुलांच्या कार्यक्रमांचे लोकप्रिय निर्माते फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचा आदरानें उल्लेख आहे; आईबापांनीं कार्यक्रम टिपून घ्यावा व मुलांसह सोयीच्या वेळीं पाहावा, यांत रॉजर्स यांना कांहींच वावगें दिसत नव्हतें.

प्रेक्षकांनीं हा आपला पूर्ण विजय मानला, पण निकालाची भाषा तितकी उदार नव्हती. न्यायालयानें रास्त ठरविलें तें कार्यक्रम पाहण्याची वेळ पुढें ढकलणें. पुष्कळ लोकांनीं फितींचे संग्रह केले आहेत, हें पाहणींत दिसून आलें होतें आणि निकालपत्रांत त्याची नोंदही झाली. तथापि कार्यक्रम कायमचा जवळ ठेवण्याच्या हक्काविषयीं न्यायालयानें ठाम कांहीं सांगितलें नाहीं. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानेंही घरगुती मुद्रणास मुभा दिली ती सोयीच्या वेळीं पाहतां वा ऐकतां यावें एवढ्याचपुरती.

फितीला मात्र कायद्यांतील ही बारीक रेघ ठाऊक नव्हती. एकदां तीवर चित्र उमटलें कीं, त्याच जातीच्या कोणत्याही यंत्रावर तें दिसे. शेजाऱ्याच्या घरीं न्या, दहा वर्षांनीं लावा, मुद्रणाच्या वेळीं कोणाची वर्गणी होती हें यंत्र विचारीत नसे.

ही चौकशी करणारें यंत्र पुढें आलें. १९९९ मध्यें टिव्हो व रिप्लेटीव्ही यांनीं फितीच्या जागीं हार्ड डिस्क आणली. अमेरिकेंत १९९४ पासून चालू झालेल्या डायरेक्टीव्हीसारख्या उपग्रहसेवांनीं आणि २००१ पासून ब्रिटनच्या स्काय कंपनीनें मुद्रण व प्रक्षेपणग्रहण एकाच पेटींत बसविलें. अशा पेटींत कार्यक्रम गूढलिपींत सांठविले जातात व त्यांची किल्ली त्या पेटीशीं किंवा तींतील कार्डाशीं बांधलेली असते. डिस्क उपटून दुसऱ्या पेटींत घातली तरी हातीं कांहीं लागत नाहीं. ब्रिटनमध्यें कांहीं काळ अशी रीत होती कीं, वाहिन्यांची वर्गणी सोडल्यावरही मुद्रणाची सोय पाहिजे असेल तर दरमहा १० पौंड भरावे. अमेरिकेंत पेटी भाड्याची असली, तर वर्गणीबरोबर पेटीही परत करावी लागे आणि तिच्या पोटांतील संग्रह तिच्याबरोबर जाई. हें कुलूप घरीं फोडावें म्हटलें, तर तेथील १९९८ चा कायदा आडवा येतो. चित्रपटांचे मालक आपला माल पक्क्या बंदोबस्ताशिवाय देत नाहींत, ही कंपन्यांची अडचण खोटी नाहीं. परंतु जी रेघ न्यायालयानें अस्पष्ट सोडली होती, ती यंत्रकारांनीं कोणास न विचारतां ठळक करून टाकली.

ग्राहकाच्या करमणुकीपलीकडे यांत कांहीं गमावलें जातें काय? बीबीसीनें १९७८ पर्यंत स्वतःच्या कित्येक फिती पुसून पुन्हां वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जे भाग त्यामुळें नाहींसे झाले, त्यांचा निदान आवाज तरी आज ऐकूं येतो. कारण कांहीं हौशी प्रेक्षकांनीं तो घरीं मुद्रित करून जपला होता. फिलाडेल्फिया येथें मॅरियन स्टोक्स या बाईंनीं तर १९७९ पासून २०१२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत अहोरात्र बातम्या टिपल्या. सुमारे ७०,००० कॅसेटींचा हा संसार, त्यापायीं घरांत चालावयास जागा उरली नाहीं. त्यांच्यामागें तो इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेला. त्या फिती लावण्यास कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाहीं. चालू स्थितींतील जुनीं यंत्रें तेवढीं लागतात, आणि तीं आतां कोणी बनवीत नाहीं.