मुसी : पूर थांबला, प्रवाहही थांबला

नया पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि घाईने पलीकडे निघून जातो. ज्या नदीच्या काठी कुतुबशाहीत, १५९१ साली, हे नगर वसले तिला अशी अवकळा का यावी, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे.

अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी ही कोरड्या पठारावरची नदी. तिचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांतच येते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी तिला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. अफझलगंजच्या एका चिंचेने शेदीडशे जीव तारले, असे जुने हैदराबादकर सांगत. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याने शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधण्याचा आणि शहरात भुयारी गटारे घालण्याचा सल्ला दिला. १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर पूर्ण झाला. पुराचे भय कमी झाले, घरोघरी पाणी आले.

परंतु वरचे निर्मळ पाणी अडले आणि खाली सांडपाणी वाढत गेले. मैला विरळ करण्यास उन्हाळ्यात नदीत स्वतःचे पाणीच उरले नाही. एकेकाळी उन्हाळ्यात आटणारी मुसी आता बारमाही वाहते, ती शहराच्या सांडपाण्यावर! अंबरपेठेसारखी शुद्धीकरण केंद्रे झाली. तथापि शुद्ध न होता येणारे नाले आणि कारखान्यांचे पाणी यांचा प्रश्न सुटला नाही. खालच्या गावांतील शेतकरी बंधारे घालून याच पाण्यावर भात व जनावरांचा चारा पिकवितात. त्या चाऱ्यावरच्या म्हशींचे दूध पुन्हा शहरात येते. रुमालाने नाक झाकले तरी नदी आपल्या घरात येतेच.

जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामांस निर्बंध घालणारा शासकीय आदेश १९९६ मध्ये निघाला; ते निर्बंध हटविणारा आदेश २०२२ मध्ये काढण्यात आला. म्हणजे आता वरचे पाणीही राखावयाचे आहे. प्रत्येक नाला नदीत मिळण्यापूर्वी शुद्ध करणे, कारखान्यांचे पाणी वेगळे ठेवणे आणि जलाशयांतून थोडा प्रवाह नदीसाठी सोडणे, यांवाचून गत्यंतर नाही.

पोटापाण्यासाठी आपण या नगरीत आलो आणि तिचेच झालो. जिचे पाणी पिऊन आपल्या पिढ्या येथे वाढल्या, तिचे ऋण आपल्यावरही आहे.