पाळीव कासवांसाठी उष्णता व अतिनील प्रकाशयोजना

पाळीव कासवांसाठी उष्णता व अतिनील प्रकाशयोजना म्हणजे बंदिस्त जागेत ठेवलेल्या कासवास सूर्याची ऊब आणि सूर्यकिरणांतील अतिनील अंश कृत्रिम दिव्यांद्वारे पुरविण्याची व्यवस्था होय. भारतातील घरांत मुख्यतः लाल कानाचे कासव (रेड-इअर्ड स्लायडर) पाळले जात असल्याने या लेखातील मापे त्या जातीस अनुसरून दिली आहेत. हवामानासंबंधीचे विवेचन कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी व पंचगंगेच्या खोऱ्यातील परिसर डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

गरज

कासव हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याचे पचन, हालचाल आणि रोगप्रतिकार ही सर्व बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतात. नदीतील कासव दगडावर किंवा ओंडक्यावर चढून ऊन खाते. त्या एकाच क्रियेत त्याला ऊबही मिळते आणि अतिनील किरणही. घरातील काचेच्या पेटीत मात्र या दोन गोष्टी वेगळ्या होतात. त्यामुळे एक दिवा लावला की काम झाले, ही समजूत चुकीची ठरते.

अतिनील किरणांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग, म्हणजे यूव्हीबी, त्वचेतील एका पूर्वद्रव्यापासून ड-३ जीवनसत्त्वाची निर्मिती सुरू करतो. पुढील रूपांतर शरीराच्या उष्णतेने होते, म्हणून थंड जागेतील यूव्हीबी दिव्याचा पुरेसा उपयोग होत नाही. ड-३ नसेल तर आहारातील कॅल्शियम शोषले जात नाही. वाढत्या पिलाची पाठ प्रथम मऊ पडते, मग वेडीवाकडी होते. पाय अधू होतात. पाठीला एकदा आलेला बाक पुढे प्रकाश देऊनही सहसा जात नाही. उलटपक्षी, केवळ सुक्या झिंग्यांवर वाढविलेल्या कासवाला उत्तम दिवाही तारू शकत नाही. कॅल्शियम आहारातूनच यावे लागते.

उष्णतेची साधने

पेटीच्या एका टोकास पाण्याबाहेरची कोरडी, चढण्यास सोपी जागा ठेवतात व तिच्यावर दिवा टांगतात. त्या जागेचे तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे २४ ते २७ अंश असावे. पिलांसाठी पाणी किंचित उबदार चालते. दुसरे टोक थंड ठेवणे तितकेच आवश्यक आहे, कारण नको असलेल्या उष्णतेपासून दूर जाणे हाच कासवाचा एकमेव उपाय असतो.

यासाठी महागड्या दिव्याची गरज नाही. ४० ते ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब किंवा हॅलोजन दिवा बहुधा पुरतो. एलईडी दिवा विजेची बचत करतो, पण ऊब देत नाही. परदेशातून मागविलेला दिवा ११० व्होल्टचा असल्यास तो येथील २३० व्होल्टवर तत्काळ जळतो. पाण्यात बुडवायच्या हीटरला जाळीचे आवरण हवे, अन्यथा कासव काच फोडू शकते. पाणी बदलण्यापूर्वी सर्व वीज बंद करावी आणि वायर पेटीपेक्षा खाली झुकवून मग सॉकेटकडे न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटात शिरत नाही.

यूव्हीबी दिवे

यूव्हीबीसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनविलेली लांब नळी (टी-५ किंवा टी-८) छोट्या वळणदार दिव्यापेक्षा चांगली, कारण तिचा प्रकाश मोठ्या भागावर सारखा पडतो. ५ ते ६ टक्के यूव्हीबीची नळी या जातीस पुरेशी होते. गॅरी फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरडे व सापांच्या ऊन खाण्याच्या सवयींवरून चार गट मांडले. पुढे फ्रान्सिस बेन्स व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही पद्धत कासवांसह अडीचशेहून अधिक जातींना लावली. त्यानुसार बसण्याच्या जागी अतिनील निर्देशांक ३ ते ४ च्या आसपास ठेवला जातो. दिवा किती उंचीवर टांगावा हे उत्पादकाच्या तक्त्यावरून ठरवावे. बारीक जाळीमुळे किरण बरेच घटतात. काच आणि बहुतेक प्लास्टिक तर यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवतात. खिडकीच्या तावदानाआडून येणारे ऊन म्हणूनच या कामी निरुपयोगी आहे. नळीचा दृश्य प्रकाश टिकून राहिला तरी यूव्हीबी ओसरत जातो. त्यामुळे ती साधारणतः सहा ते बारा महिन्यांनी बदलतात. दिवे दिवसाकाठी १० ते १२ तास लावून रात्री पूर्ण अंधार ठेवावा.

सर्वांत घातक गफलत ‘यूव्ही’ या नुसत्या शब्दामुळे होते. मत्स्यालयातील शेवाळ मारणारे आणि पाणी शुद्ध करणारे दिवेही ‘यूव्ही’ म्हणूनच विकले जातात. ते २५४ नॅनोमीटरचे यूव्हीसी किरण सोडतात, जंतू मारतात, आणि उघडे लावल्यास कासवाचे व माणसाचेही डोळे व त्वचा भाजतात. वेष्टनावर ‘यूव्हीबी’ आणि टक्केवारी लिहिलेली नसेल तर दिवा घेऊ नये.

स्थानिक हवामान

इचलकरंजी परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरते. कासव खाणे टाकते आणि मालकास ते आजारी वाटते. हीटरची खरी गरज या काळातच असते. एप्रिल-मेमध्ये तो बंद ठेवणेच बरे. यूव्हीबीची निकड मात्र बारमाही आहे व पावसाळ्यात, आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही तेव्हा, अधिकच. इतर दिवसांत गच्चीवर किंवा अंगणात सकाळचे कोवळे ऊन दिल्यास दिव्यापेक्षा चांगले. त्यासाठी काचेची पेटी मात्र उन्हात नेऊ नये. ती थोड्या वेळात भट्टीसारखी तापते व कासव मरते. पसरट टब, अर्ध्या भागावर सावली आणि कावळे-मांजरांपासून राखण हवी. भारनियमनाच्या वेळी पेटीस गोणपाट गुंडाळल्यास पाण्याची ऊब काही काळ टिकते.

कायदा व नदी

भारतीय पाठ-झाकणीचे कासव (फ्लॅपशेल), तारांकित कासव आदी देशी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्या घरी ठेवणे गुन्हा आहे. दिवे कितीही चांगले असले तरी. शेतात वा ओढ्यात सापडलेले कासव वनविभागाच्या स्वाधीन करावे. लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातले. दुकानातील रुपयाएवढे पिलू पुढे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते, दोन-तीन दशके जगते, आणि मोठी पेटी व दिव्यांचा खर्च नकोसा झालेले मालक ते तळ्यात सोडून देतात. जगातील १०० सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. तिच्या पात्रात सोडलेले परदेशी कासव ऊन खाण्याची जागा आणि अन्न यांसाठी देशी कासवांशी स्पर्धा करू शकते, शिवाय रोगही नेऊ शकते. नको झालेले कासव पाण्यात सोडण्याऐवजी दुसऱ्या पाळणाऱ्याकडे किंवा प्राणिमित्र संस्थेकडे द्यावे.