राघोबादादांचा वकील आणि बर्कसाहेबांची बाग

मंडळी, राघोबादादा पेशव्यांचे नाव आपल्याला नवे नाही. गादीसाठी ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ साली त्यांनी सुरतेचा तह केला, हे शाळेच्या पुस्तकात येऊन गेले आहे. पण त्यांचा वकील थेट लंडनला जाऊन आला, हे फारसे कोणी सांगत नाही. १७८१ साली हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि दोन पारशी बापलेक तिथे पोचले. स्वतःची चूल, स्वतःचे पाणी, सोवळेओवळे! परक्या शहरात त्यांचे फार हाल झाले. ते पाहून पार्लमेंटच्या एका सभासदाने त्यांना लंडनजवळ बीकन्सफील्डला आपल्या घरी नेले आणि बागेतले रोपे ठेवण्याचे मोठे काचघर मोकळे करून दिले. तिथे त्यांनी आपल्या रीतीने स्वयंपाक करावा, कोणी मध्ये येऊ नये.

हे सभासद म्हणजे एडमंड बर्क. परंपरावादी राजकीय विचाराचे ते मूळपुरुष मानले जातात. परंपरावादी म्हटला की ‘जुने ते सोने’ म्हणत बसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बर्क तसे नव्हते. अमेरिकेतल्या वसाहतींशी समेट करा, असे १७७५ साली ते आपल्याच सरकारला बजावत होते.

१७८९च्या जुलैत पॅरिसच्या लोकांनी बास्तीयचा किल्ला घेतला. पुढे तिथल्या सभेने चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली, जुने प्रांत मोडून देशाचे ८३ विभाग पाडले. इंग्लंडात पुष्कळांना आनंद झाला. बर्कना मात्र धास्ती वाटली, आणि १७९० साली त्यांनी या क्रांतीवर पुस्तक लिहिले.

त्यांचे म्हणणे असे. माणूस नुसत्या बुद्धीवर चालत नाही. राग, लोभ, भय, सवय हीही त्याच्यात आहेत. एकट्याची अक्कल म्हणजे थोडे भांडवल. पिढ्यांनी साठवलेला अनुभव हे मोठे. समाज हा मेलेल्यांचा, जिवंतांचा आणि अजून जन्माला यायच्या लोकांचा भागीदारीचा व्यवहार आहे. आमराई लावणारा फळे थोडीच खातो, बरं का! म्हणून जुनी विहीर खराब झाली तर गाळ काढावा, काठ बांधावा. पण ती बुजवून नवी खणायला घेतली आणि पाणीच लागले नाही, तर? ज्या राज्याला सुधारणा जमत नाही ते टिकतही नाही, हेही त्यांनीच सांगितले आहे. सगळे मोडले की शेवटी एखादा सेनापती मालक होईल, हे त्यांचे भाकीत होते. १७९९ साली नेपोलियनने सत्ता घेतली. ते पाहायला बर्क राहिले नव्हते.

माणसाच्या वासनांना लगाम हवा म्हणून राज्य. पण राज्य चालवणारीही माणसेच ना? त्यांना लगाम कोणी घालायचा? वॉरन हेस्टिंग्जचा खटला इथे येतो. बनारसचा राजा चेतसिंग, अयोध्येच्या बेगमा यांच्यावर केलेल्या जुलमाचा जाब बर्कनी १७८८पासून मागितला. पूर्वेकडे राज्य लहरीवरच चालते, ही सबब त्यांनी मानली नाही. न्याय देशोदेशी बदलत नाही, आणि हिंदुस्थानात हिंदूंचे, मुसलमानांचे जुने कायदे आहेत, ते राज्यकर्त्यालाही बांधतात, असे ते म्हणाले. सात वर्षांनी, १७९५ साली, हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

आता दुसरी बाजू. टॉमस पेन या लेखकाने १७९१ साली ‘मानवाचे हक्क’ या पुस्तकातून बर्कना उत्तर दिले: मेलेल्यांनी जिवंतांना बांधून ठेवायचे कोणत्या अधिकाराने? या प्रश्नाला बर्कचे उत्तर मला तरी अपुरे वाटते. विहिरीचा काठ बांधा म्हणणे ठीक. पण ज्याला त्या काठावर पायच ठेवू दिला नाही, त्याने किती पिढ्या थांबावे? हणमंतरावांच्या सोवळ्याला बर्कनी माणुसकीने जागा दिली. आपल्याकडे त्याच सोवळ्याने कितीकांना पाण्यापासून दूर ठेवले होते.

पेनचे पुस्तक पुण्यात पोचले. १८४७च्या सुमारास ते जोतीराव फुल्यांच्या वाचनात आले. पुढच्या वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला.