अल्झायमर्सवरील संप्रेरक-उपचारांच्या चाचण्या

अल्झायमर्स रोगात स्मृती आणि रोजचे व्यवहार सांभाळण्याची क्षमता हळूहळू ओसरत जाते. संप्रेरके (हॉर्मोन) किंवा त्यांच्यासारखे काम करणारी औषधे देऊन ही घसरण रोखता येते का, हे तपासणाऱ्या चाचण्यांनी आजवर बहुतेकदा निराशाच केली आहे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत हा रोग कमी आढळे, म्हणून आशा वाढली. मात्र अशा स्त्रिया बऱ्याचदा मुळातच अधिक शिकलेल्या व सुस्थितीतल्या असत. अमेरिकेत १२० रुग्ण स्त्रियांवर वर्षभर केलेल्या चाचणीत (निष्कर्ष २०००) इस्ट्रोजेनने गुण आला नाही. २००३ चा निकाल तर धक्कादायक होता. पासष्टीपुढच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या ४,५३२ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली, हुबेहूब तशीच गोळी दिली गेली. पहिल्या गटात ४० जणींना स्मृतिभ्रंश झाला, दुसऱ्यात २१ जणींना. ही तुलना झाली नसती, तर गोळी उपकारकच समजली गेली असती.

नाकावाटे इन्सुलिन देण्याचा प्रयोगही २०२० मध्ये निष्फळ ठरला. आतड्यातील जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडची ३,८०८ रुग्णांवर चाचणी झाली. रोगाच्या काही जैविक खुणा सुधारल्या, पण रोगाची गती मंदावली नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागांत अशी चाचणी घ्यायची, तर अडचण औषधाआधीच सुरू होते. रुग्णातला बदल सांगायला रोज सोबत असणारा माणूस लागतो. इथल्या अनेक घरांतली तरुण मंडळी पुण्या-मुंबईत. शिवाय वाचन-लेखनावर बेतलेल्या स्मृतिचाचण्या शाळा न पाहिलेल्या आजीला लागू पडत नाहीत. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली होती. शिवाय औषधचाचणीसाठी निरक्षर व्यक्तीची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार हजर असणे भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे.

एका संप्रेरकाचा उपयोग मात्र निश्चित आहे, तोही अल्झायमर्सवर नव्हे. थायरॉइडच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि थायरॉक्सिनने तो बऱ्याचदा कमी होतो. म्हणून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देण्याआधी थायरॉइड आणि तसाच विसराळूपणा आणू शकणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची रक्ततपासणी करून घ्यावी.