लिक्विड बायॉप्सी

गाठीचा तुकडा न काढता रक्ताच्या नमुन्यावरून कर्करोगाचा माग काढणारी चाचणी. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात उतरतात. रक्तद्रवात न्यूक्लिइक अम्ले असतात हे माँदेल व मेते यांनी फ्रान्समध्ये १९४८ सालीच दाखवले होते. पण असंख्य निरोगी तुकड्यांतून गाठीचे मोजके तुकडे निवडणे वेगवान जनुकवाचन यंत्रे आणि संगणक आल्यावरच जमले. गाठीच्या डीएनएत उत्परिवर्तने असतात, शिवाय त्यावरील मिथिल गटांची मांडणीही निराळी असते. ती अवयवागणिक बदलत असल्याने रोगाचा उगम कोठे असावा, याचाही अंदाज बांधता येतो.

बेंगळुरूत या कामाची मुळे संगणकशास्त्रात आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, रमेश हरिहरन, स्वामी मनोहर व व्ही. विनय या प्राध्यापकांनी २००० मध्ये स्ट्रँड ही कंपनी काढली, ती जैविक माहितीचे विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. रुग्णांचे नमुने नंतर आले. २०२१ मध्ये ती रिलायन्स समूहाकडे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये तिने मिथिल-मांडणी वाचणारी ‘कॅन्सरस्पॉट’ ही अनेक कर्करोगांची एकत्रित चाचणी बाजारात आणली.

निदान झालेल्या रुग्णासाठी या पद्धतीचा उपयोग निर्विवाद आहे : फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकातील बदल रक्तात सापडला, तर औषध त्यानुसार ठरते. बीआरसीए जनुकांची चाचणीही रक्तावर होते. मात्र ती आनुवंशिक धोका सांगते, रोग झाला आहे असे नव्हे. घरोघरी हा घोटाळा होतो आणि त्याची धास्ती खरी असते.

निरोगी माणसांची सरसकट तपासणी हा मात्र वेगळा प्रश्न आहे. सुरुवातीच्या अवस्थेत गाठ लहान असते, रक्तात तिचा डीएनए अत्यल्प असतो. म्हणजे जेथे चाचणी सर्वाधिक हवी, तेथेच ती चुकण्याची शक्यता मोठी. शिवाय लवकर सापडणे म्हणजे जीव वाचणे नव्हे. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांच्या अभ्यासात सीए-१२५ या रक्तघटकावर आधारित तपासणीने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये स्पष्ट झाले. याउलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी नुसते सौम्य ॲसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चाचणीची किंमत नव्हे, हा आकडा कसोटीचा.

रक्ताचा अहवाल संशयास्पद आल्यास स्कॅन आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी करावीच लागते. तो निर्दोष आला, तरी मॅमोग्राफी किंवा गर्भाशयमुखाची पॅप तपासणी थांबवता येत नाही.