भिंतीवरचं बटण

ओएलईडी मॉनिटर घ्यावा की नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच भीती असते: ‘बर्न-इन’. पडदा जळणार. खरं तर तिथे काहीच जळत नाही. उंबरठा मधोमध झिजतो, कारण सगळे पाय तिथेच पडतात. तसंच हे आहे.

शब्द जुना आहे, काचेच्या नळीच्या पडद्यांच्या काळातला. काचेच्या आतून फॉस्फरचा थर असायचा. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की उजेड पडायचा, आणि एकाच जागी सतत आदळला की तिथला थर मंदावायचा. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण घरच्या टीव्हीला याची फारशी झळ लागली नाही. चित्र सतत हलतं. कॉम्प्युटरवर मात्र सकाळचा मेनू संध्याकाळपर्यंत तिथेच. हिरव्या अक्षरांचे कित्येक मॉनिटर बंद केल्यावरही वरची ओळ वाचता यायची!

डिसेंबर १९८३मध्ये जॉन सोचा यांनी ‘सॉफ्टटॉक’ मासिकात एक छोटा प्रोग्रॅम छापला. काही मिनिटं कुणी की दाबली नाही, तर पडदा काळा. हा पहिल्या स्क्रीनसेव्हरांपैकी एक. पुढे पंखवाले टोस्टर उडायला लागले, आणि मूळ कारण लोक विसरले. एलसीडीत उजेड मागच्या दिव्याचा असतो, त्यामुळे विसरून चाललंही.

ओएलईडीने ते परत आठवायला लावलं. कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७मध्ये त्याचा पाया घातला. इथे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, म्हणजे स्वतःच झिजतो. निळा सगळ्यांत लवकर. तुमच्या हातातल्या फोनचा पडदा बहुधा असाच असेल. पण फोन थोड्या वेळात मालवतो, आणि काही वर्षांत बदललाही जातो. मॉनिटरवर आठ-दहा तास तोच टास्कबार. २०१८मध्ये ‘आरटिंग्ज’ने सहा एलजी टीव्ही रोज २० तास चालवून पाहिले. ज्यांवर फक्त सीएनएन लावलं होतं, त्यांवर वृत्तपट्टीचे डाग स्पष्ट उमटले. आपल्या मराठी बातम्यांतल्या लाल पट्ट्या आठवा.

२०२२मध्ये डेलने आपल्या एलियनवेअर मॉनिटरवर बर्न-इनचीही तीन वर्षांची हमी दिली. (भारतात घेताना ही ओळ कागदावर आहे का, ते बघून घ्या.) एवढा विश्वास आला कारण हे पडदे स्वतःची डागडुजी करतात. काही तास वापरून बंद केले, की पिक्सेल तपासून फरक भरून काढतात. पण ते स्टँडबायमध्ये, वीज चालू असताना.

आमच्या कडावमध्ये गोष्ट अडते ती इथे. काम संपलं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पावसाळ्यात वीज आपणहून जाते, ते वेगळंच. कर्जतहून लोकल पकडण्याऐवजी घरूनच काम करणारी पोरं आता पगार साठवून असा मॉनिटर घेतात, आणि घरातलं कुणीतरी झोपण्यापूर्वी काटकसरीने तीच डागडुजी रोज थांबवतं.

माझं मत: घ्या. उजेड कमी ठेवा, टास्कबार लपवा, पाच मिनिटांनी पडदा काळा होऊ द्या. मॉनिटर त्याच्याच बटणाने बंद करा, आणि आईला सांगा, भिंतीवरचं तासाभराने. ढग गडगडायला लागले तर मात्र प्लग सरळ उपटा; राहिलेली डागडुजी उद्या रात्री होईल.