लॅटिन गेली, पदर राहिला

नाना पेठेतून क्वार्टर गेटकडे येताना सिटी चर्च लागते. बहुतेक पुणेकरांना ते पत्ता सांगायची खूण म्हणून माहीत असते. आत जाण्याचा प्रसंग फारसा येत नाही. या चर्चची जागा पेशव्यांनी दिली आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी, १७९२ साली, सवाई माधवरावांनी आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी ही जागा दिली. आजची वास्तू नंतरची आहे. पण पुण्यातल्या कॅथलिकांचा इतिहास इंग्रजांच्या आधी सुरू होतो, हे तेवढ्यावरून लक्षात यावे.

या इतिहासातल्या एका बदलाविषयी मला आज बोलायचे आहे. त्यात लढाई नाही, कत्तल नाही. पण एका पिढीची प्रार्थना त्या बदलाने पालटून गेली, आणि त्यावरचा वाद जगभर अजून मिटलेला नाही.

१९५० सालचा एखादा रविवार डोळ्यांपुढे आणा. सकाळची मिस्सा आहे. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. ज्यांना कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा प्रसाद, घ्यायचा आहे त्यांनी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही. नियमच तसा होता. बायकांच्या डोक्यावर पदर किंवा जाळीदार रुमाल. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे. त्यांच्या तोंडी लॅटिन, तीही बरीचशी स्वतःशी बोलल्यासारखी. मागे एखादी आजी आपली जपमाळ ओढते आहे. घंटा वाजते आणि सगळ्यांच्या माना लवतात. प्रवचन तेवढे लोकांना कळणाऱ्या भाषेत. त्या आजीला लॅटिन वाक्याचा अर्थ विचारला असता, तर तिला सांगता आला नसता. मात्र वेदीवर कोणत्या क्षणी काय चालले आहे, हे तिला नेमके माहीत होते.

आता वीस वर्षे पुढे या. १९७० साल. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे आहेत. भाषा रोजच्या वापरातली आहे, आणि लोक मोठ्याने प्रतिसाद देत आहेत. मध्यरात्रीपासूनचा उपवास आता एका तासावर आला आहे. आजी त्याच बाकावर बसली आहे. पण जपमाळ हातात घ्यावी की उत्तरे द्यावीत, याचा तिला उलगडा होत नाही.

मधल्या काळात काय घडले? पोप तेविसावे जॉन यांनी बोलावलेली दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ अशी चार वर्षे भरली. ४ डिसेंबर १९६३ रोजी तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात लॅटिन राखावी असेही म्हटले होते आणि लोकभाषांना अधिक वाव द्यावा असेही. यातल्या दुसऱ्या वाक्याला वेग आला. पोप सहावे पॉल यांनी नवा मिस्साग्रंथ दिला, आणि १९६९ सालच्या नोव्हेंबरअखेरीस तो लागू झाला. हेच पोप १९६४ च्या डिसेंबरात मुंबईला आले होते, ते जुन्या माणसांना आठवत असेल.

हा प्रश्न आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे लग्नात संस्कृत मंत्र म्हटले जातात. मांडवातल्या किती जणांना त्यांचा अर्थ कळतो? तरीही उद्या कोणी म्हणाले, की सगळा विधी मराठीतूनच होईल, तर काहींना आनंद होईल आणि काहींना लग्न लागल्यासारखेच वाटणार नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने मंत्रांचा अर्थ मराठीत सांगत संस्कार करण्याची पद्धत रूढ केली, स्त्रियांना पौरोहित्य शिकवले. ती मान्य करणारे आहेत, तसे नाक मुरडणारेही होते. फरक इतकाच, की आपल्याकडे ज्याला जे रुचेल ते त्याने करावे. कॅथलिक चर्चमध्ये निर्णय रोममध्ये झाला आणि तो एकाच वेळी सगळ्या जगाला लागू झाला.

पुण्यात या बदलाला आणखी एक पदर होता. इथला कॅथलिक समाज एका भाषेचा कधीच नव्हता. सिटी चर्चची मंडळी मूळची गोव्याकडची. कँपाजवळचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल १८५० चे, ते मुख्यतः ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी उभे राहिले. पुढे रेल्वे आणि लष्कराच्या नोकऱ्यांमुळे तमिळ, अँग्लो-इंडियन, मल्याळी कुटुंबे आली, आणि नगर जिल्ह्यातून मराठी कॅथलिक आले. लॅटिन यांपैकी कोणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणून ती सगळ्यांची सारखी होती. गोव्याचा आचारी, आयर्लंडचा सार्जंट आणि नगरकडचा शेतमजूर एकाच मिस्सेला गुडघे टेकू शकत. लॅटिन गेल्यावर ‘मग कोणती भाषा?’ हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर वेळापत्रकात मिळाले. शहरातल्या चर्चमध्ये आज इंग्रजी, मराठी, तमिळ, कोंकणी अशा मिस्सा वेगवेगळ्या वेळी होतात. प्रत्येकाला प्रार्थना कळू लागली, पण शेजारचा माणूस दुसऱ्या वेळेला येऊ लागला. हे नुकसान खरे आहे, आणि लॅटिनचा आग्रह धरणाऱ्यांची ही बाजू ऐकून घेतली पाहिजे.

आता दुसरी बाजू पाहू. जिला आपण जुनी म्हणतो ती लॅटिन तरी पहिल्यापासूनची होती काय? रोममधले सुरुवातीचे ख्रिस्ती ग्रीक भाषेत प्रार्थना करीत. चौथ्या शतकाच्या सुमारास तिथे लॅटिन आली, ती लोकांना कळावे म्हणूनच. त्या काळी ती बाजारातली, चारचौघांची भाषा होती. पुढे लोकांची भाषा बदलली आणि वेदीवरची तशीच राहिली. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी मिस्सेचे एक प्रमाण पुस्तक ठरवून दिले, आणि चारशे वर्षे थोड्याफार फेरफाराने ते चालले. म्हणजे एका पोपने घालून दिलेली शिस्त दुसऱ्या पोपने बदलली, असेही म्हणता येते.

आपल्या भागात तर लॅटिनच्या शेजारी मराठी फार पूर्वीच येऊन बसली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. ज्यांनी पुराण सोडले त्यांना ऐकायला पुराण हवे होते, हे त्या परदेशी माणसाने ओळखले. गोव्याच्या चर्चमधून रविवारी आणि सणावारी ते वाचले जाई. अशी ती वाटणी होती: मिस्सा लॅटिनमध्ये, पुराण मराठीत. एक देवाची भाषा, एक मनाची. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले आणि ही वाट अडवली. तेव्हा १९६९ साली मराठी चर्चमध्ये नव्याने आली, असे म्हणणे बरोबर नाही. ती चर्चमध्ये होतीच; त्या साली ती वेदीपर्यंत पोहोचली.

त्याच साली भारतात आणखी एक गोष्ट झाली. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतीय बिशपांच्या बारा सूचनांना मान्यता दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवावे, पादत्राणे बाहेर ठेवावीत, जमिनीवर बसून उपासना करता यावी, धर्मगुरूंनी उपरण्यासारखे वस्त्र घ्यावे, मेणबत्तीच्या जागी समई लावावी, आरती करावी, अशा त्या सूचना होत्या. सक्ती नव्हती; जिथे लोकांना रुचेल तिथे, असे धोरण होते.

पुण्यात याला अनुकूल हवा होती. पोप तेरावे लिओ यांनी या देशातच धर्मगुरू घडावेत म्हणून १८९३ साली कँडी येथे सेमिनरी स्थापली होती. ती १९५५ मध्ये नगर रस्त्यावर, पुण्यात आली. फादर गी देल्यूरी हे फ्रेंच जेझुइट विठ्ठलभक्तीचा अभ्यास करीत होते, आणि त्यांचा ग्रंथ १९६० साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. शनिवार पेठेत, वाड्यांच्या वस्तीत, फादर मॅथ्यू लेडर्ले यांचे स्नेहसदन होते. महाराष्ट्रातल्या आधुनिक तत्त्वविचारावर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे यांचा प्रबंध तर तुकारामांच्या देवानुभवावर होता.

हे सगळे विद्वानांना मानवले. बाकावरच्या आजीला मानवले काय? इथे मोठी गंमत होती आणि व्यथाही. समई आणि आरती पाहून ब्राह्मण शेजारी खूश होई; आजी मात्र गोंधळून जाई. ज्या चिन्हांपासून दूर राहा असे तिच्या आईवडिलांना बजावले होते, तीच आता चर्चमध्ये येत होती. मद्रासचे व्हिक्टर कुलंदे यांच्यासारख्या गृहस्थांनी याविरुद्ध सातत्याने लिहिले. दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती विचारवंतांनीही पुढे वेगळ्या अंगाने विचारले, की ‘भारतीय’ म्हणजे नेमके कोणाचे? आमच्या वस्तीतल्या ढोलकीला वेदीजवळ जागा आहे का? हा प्रश्न आजही रास्त आहे.

जुन्या मिस्सेच्या आग्रही माणसापुढचा खरा पेच मात्र याहून अवघड आहे. परंपरा मानणारा कॅथलिक पोपची आज्ञा मानतो. तीही परंपराच आहे. मग पोपनेच परंपरा बदलली तर त्याने काय करावे? फ्रान्सच्या आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी जुनी मिस्सा सोडली नाही. १९८८ साली रोमची परवानगी नसताना त्यांनी चार बिशप नेमले आणि रोमने त्यांना बहिष्कृत ठरवले. ज्यांना रोमही सोडायचे नव्हते आणि लॅटिनही, ते मधल्यामध्ये अडकले. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. या सवलतीचा उपयोग चर्चमध्ये फूट वाढवायला होतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चौदा वर्षांत एकदा दार उघडले आणि एकदा लोटले गेले. आज्ञाधारक माणसाने दोन्ही वेळा मान तुकवायची होती. आपल्याला हा वाद लॅटिनचा वाटतो. तो निष्ठेचा आहे.

महाराष्ट्रातला सामान्य कॅथलिक या पेचात फारसा सापडला नाही. त्याचे कारण असे, की त्याची परंपरा मिस्साग्रंथापेक्षा घरात अधिक होती. संध्याकाळची जपमाळ, शुक्रवारी मांस न खाणे, ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, मृतांच्या स्मरणाचा २ नोव्हेंबर. हे कोणत्याही परिषदेने काढून घेतले नव्हते. त्यात नवे जुने किती मिसळलेले असते, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना म्हणजे अगदी पिढीजात व्रत, असे आपण समजतो. ती सुरू झाली १९४८ साली. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी दर सप्टेंबरात लोटणारी गर्दी पाहून ही यात्रा शेकडो वर्षांची असावी असे वाटते. तिची सुरुवात १९४९ ची. स्वातंत्र्याहून धाकट्या या परंपरा, पण नातवंडांनी त्या आजीच्या हाताला धरून पाहिल्या, म्हणून त्या पुरातन झाल्या. माणसाच्या लेखी परंपरेचे वय आजीएवढेच असते.

पदराची गोष्ट अशीच आहे. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे असा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत लिहिलेला होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो नाही. युरोप-अमेरिकेत डोक्यावरचा रुमाल गेला, आणि आज तिथल्या काही तरुण मुली तो परंपरेची खूण म्हणून मुद्दाम परत घेत आहेत. आपल्या खेड्यांतल्या मराठी मिस्सेत मात्र पदर कधी खाली आलाच नाही. तो रोमच्या नियमाने आला नव्हता, त्यामुळे नियमाबरोबर जायचे त्याला कारण नव्हते.

म्हणून मला वाटते, १९६९ च्या बदलाचा हिशेब मांडताना दोन्ही रकाने भरले पाहिजेत. प्रार्थना कळू लागली, ही जमा. ज्यांना न कळताही ती आपली वाटत होती, त्यांना कोणी विचारले नाही, हा खर्च. बदल योग्य होता असे मानणाऱ्यांनीही हा खर्च नाकारू नये. देवघरातली वस्तू हलवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी सांगावे, एवढे तर आपल्याला कळते.

आणि लॅटिन खरोखर गेली काय? कोणत्याही जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत जा. थडग्यांवर आर, आय, पी ही तीन अक्षरे दिसतील. आज कोणी वारल्याची बातमी आली, की हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे मोबाइलवर तीच तीन अक्षरे लिहून पाठवतात. ती इंग्रजी आहेत असे आपण समजतो. मुळात ती लॅटिन प्रार्थनेतली आहेत: रेक्विएस्कात इन पाचे. त्याला शांती लाभो. अर्थ ठाऊक नसताना, मनापासून म्हटलेली. ती आजीही तेच करीत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)